आमच्या मुलांना मोजा, आणि शनिवारी दोन तास शाळेचं दार उघडं ठेवा

प्रति,
महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय : घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद आणि त्यांना जवळच्या शाळेची साथ

सप्रेम नमस्कार.

माझी थोरली मुलगी १३ वर्षांची आहे. चौथी झाल्यावर तिने शाळा सोडली, तेव्हापासून ती घरी शिकते. दोन वर्षांपूर्वी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी एक शिक्षिका आमच्या दारात आल्या. उन्हातून आल्या होत्या, पायरीवरच टेकल्या. पाणी झालं, चहा झाला. मी मुलीच्या वह्या पुढे ठेवल्या. बाईंनी त्या मनापासून चाळल्या, एका भागाकारातली चूकही काढली. मग त्यांनी फॉर्म उघडला. शाळेत न जाण्याच्या कारणांत स्थलांतर होतं, मजुरी होती, धाकट्या भावंडांना सांभाळणं होतं, आजारपण होतं. आमचं कारण त्यात कुठेच बसेना. बाई पेन हातात धरून बराच वेळ थांबल्या. "इतर लिहू का?" म्हणाल्या. मी म्हटलं, लिहा. निघताना उंबऱ्याशी थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पोरगी चांगली शिकतेय हो. पण मला तिला शाळाबाह्यच धरावं लागणार."

तो शब्द मला लागला. पण बाईंचा राग आला नाही, कारण तो शब्द कुठून आला आणि त्यामागे किती पायपीट आहे हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

आमचे अण्णा जावळी तालुक्यातल्या वाड्यांवर ३४ वर्षं जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. जून उजाडला की पटनोंदणी. डोक्यावर इरलं घेऊन ते एकेका घरी जायचे, गुरांमागे गेलेली पोरं शोधून आणायचे. सातवीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या बापाच्या ओसरीवर ते दोन दिवस जाऊन बसले होते. ती मुलगी पुढे दहावी झाली. अण्णांच्या लेखी पटावर नाव नसलेलं मूल म्हणजे गुरुजी कुठेतरी कमी पडल्याची खूण. अशा माणसाला मी सांगितलं की तुमची नात यापुढे शाळेत जाणार नाही. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा म्हणाले, "सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं ते पोरींना घराबाहेर काढण्यासाठी. आणि तू शिकलेली बाई, लेकीला घरात घेऊन बसतेस?" थोडं थांबून पुढे म्हणाले, "उद्या एखादा बाप मला म्हणाला, गुरुजी, तुमच्या नातीला शाळा लागत नाही, मग माझ्याच पोरीला कशाला, तर मी त्याला काय सांगू?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हे पत्र त्याच प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता लिहिलं आहे.

आधी हे सांगते की आम्ही शाळेवर रागावून बाहेर पडलो नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत होती. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी घरून मुद्रितशोधन करते. फोन एकच, तोही दुकानात लागायचा. त्यामुळे ऑनलाइन तास बरेचसे बुडाले आणि ती दिवसभर आमच्या मागेपुढे राहू लागली. बालभारतीची पुस्तकं होती, 'किशोर'चे जुने अंक होते, दुकान होतं, शेजारचं शेत होतं. शाळा पुन्हा भरली तेव्हा ती गेली, चौथी पूर्ण केली. पाचवीला दुसऱ्या, मोठ्या शाळेत जायचं होतं. त्या सुट्टीत ती म्हणाली, "एक वर्ष घरी शिकू का, मागच्यासारखं?" एक वर्ष करून पाहू म्हणून आम्ही सुरुवात केली, आणि त्या वर्षाला पुढची वर्षं जोडत गेलो.

घरी शिकणं म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना कळत नाही. म्हणून आमच्या घरातलं थोडं सांगते. जळालेली मोटार दुकानात आली की जुनी तार काढताना तिचे वेढे मोजावे लागतात आणि नवी तार त्याच जाडीची भरावी लागते. तारेच्या गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे तिला तिथे कळलं. असं उलटं का, म्हणून तिने बापाला इतकं छळलं की त्याने शेवटी गेजचा तक्ता भिंतीवर लावला. व्यस्त प्रमाण तिला नंतर पुस्तकात भेटलं तेव्हा ते ओळखीचं निघालं. अपूर्णांक तिला गल्लीतल्या सुतारकाकांनी शिकवले. आठ सुतांचा एक इंच. तीन सूत आणि पाच सूत मिळून किती, हे तिने फळीवर पेन्सिलीने खुणा करून शिकून घेतलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारच्या रानात हळद काढतात, काहिलीत शिजवतात, मग खळ्यावर वाळत घालतात. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल होते. बाकीचं वजन गेलं कुठे, यावर तिने चार पानं लिहिली आहेत. त्यातलं शुद्धलेखन मी सुधारलं, विज्ञान मात्र माझ्या आवाक्यापुढचं होतं.

आणि गावातलं ग्रंथालय. मराठी विश्वकोशाचं काम ज्या वाईत झालं, तिथेच आम्ही राहतो. ग्रंथपालकाकांनी तिला वाचनकक्षातलं खिडकीजवळचं टेबल दिलं. तिथे बसून ती विश्वकोशाचे खंड उघडते, एका नोंदीवरून दुसरीकडे जाते, संध्याकाळी घरी येऊन मला सांगते. मोठ्यांच्या वाचनकक्षात लहान मुलं नकोत, असा तिथला नियम होता. काकांनी तिची चार दिवस परीक्षा पाहिली आणि समितीला सांगून परवानगी घेतली. मोठी मदत म्हणतात ती अशी असते. पैसा लागला नाही. एका माणसाने शब्द टाकला आणि तो लिहून ठेवला गेला.

पुण्यामुंबईत अशी साथ मिळवणं सोपं आहे. 'स्वशिक्षण' नावाची होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची संघटना आहे, शहरांत पालकांचे गट आहेत, पैसे भरून वापरता येतील अशा प्रयोगशाळा आणि खेळाचे वर्ग आहेत. तालुक्याच्या गावी यातलं काही नाही. सातारा, फलटण, वाई असं धरून आम्ही सहा घरं आहोत. महिन्यातून एकदा मेणवलीच्या घाटावर भेटतो, पुस्तकांची अदलाबदल करतो, मुलं पोहतात. एवढ्यावर आमची साथसंगत संपते. मायक्रोस्कोप, मैदान, परीक्षेचं केंद्र आणि एकाच वयाची चाळीस मुलं एकत्र असण्याची आमच्याकडे एकच जागा आहे. ती जागा म्हणजे तुमची शाळा.

म्हणून हे पत्र तुम्हाला.

माझा धाकटा आता तिसरीत आहे, आणि तो शाळेत जातो. पहिलं वर्ष तोही घरी होता. पण त्याला माणसं लागतात. सकाळी शाळेची घंटा ऐकली की तो खिडकीत जाऊन उभा राहायचा. आम्ही त्याला शाळेत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी एकही टोचणारा शब्द न बोलता त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवलं आणि दोन महिने मधल्या सुट्टीत त्याचं वाचन घेतलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये वयानुरूप प्रवेशाची हीच तरतूद आहे. पण कायदा आहे म्हणून सगळीकडे असं होत नाही. ते त्या बाईंच्या मायेने झालं. एकाच घरातलं एक मूल शाळेत फुलतं आणि दुसरं घरी. हे मी रोज पाहते, त्यामुळे शाळा चांगली की घर चांगलं या वादात मला रस उरलेला नाही.

आता थोरलीच्या अडचणी.

आमच्या जवळच्या एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक अण्णांच्या ओळखीचे होते. सातवीच्या वयाची झाल्यावर तिला कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायच्या होत्या. सरांनी सांगितलं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की घेऊन या. विज्ञानाच्या बाई तास-दोन तास थांबायच्या. त्या शनिवारांनी तिला काय दिलं, ते मला इथे मांडता येणार नाही. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की लाल होते, हे तिला घरी ठाऊक होतं, कुंकवाच्या गोष्टीतून. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं होतं, हेही तिने करून पाहिलं होतं. प्रयोगशाळेत बाईंनी तिला लिटमस दिला, मग वेगवेगळ्या द्रावणांच्या ओळीने मांडलेल्या परीक्षानळ्या दिल्या, आणि हळद नेमकी कुठे रंग बदलते ते शोधायला लावलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिची सगळी बोटं पिवळी होती आणि ती जेवायला तयार नव्हती. वहीत सात प्रयोग झाले.

गेल्या मे अखेरीला सर निवृत्त झाले. नवे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "ताई, लेखी काही असेल तर दाखवा. पटावर नसलेलं मूल उद्या प्रयोगशाळेत भाजलं तर मी कोणाला काय सांगू?" त्यांचं चुकलं, असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या जागी अण्णा असते तर तेही हेच म्हणाले असते. तोंडी दिलेली परवानगी ही देणाऱ्या माणसाबरोबर निघून जाते. आमचे शनिवार तसेच गेले.

दुसरी गोष्ट खो-खोची. रोज संध्याकाळी ती मैदानावर त्याच शाळेच्या मुलींबरोबर खेळते. पोल मारण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नाही, असं त्यांचे क्रीडाशिक्षकच सांगतात. पण शालेय क्रीडा स्पर्धेचा संघ शाळेच्या पटावरून निवडला जातो. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ तालुक्याला गेला, त्या सकाळी ती मैदानावर जाऊन त्यांची बॅग भरून आली. एकटीच परत आली आणि दिवसभर विश्वकोशसुद्धा उघडला नाही. तिला घरी शिकवायचं मी ठरवलं होतं. संघातून वगळलं जाणं हा त्या निर्णयाचा भाग आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं आवेदन शाळेमार्फत भरावं लागतं. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसवावं म्हणून मी दोन शाळांत गेले, दोन्हीकडे पटावरच्या मुलांचेच फॉर्म भरून झाले होते. बोनाफाईड सर्टिफिकेट तर जागोजागी मागतात, ते ती कुठून आणणार? त्यातल्या त्यात परीक्षेची वाट मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था १९८९ पासून आहे. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्याची पाचवीची परीक्षा तिने दिली, आठवीची द्यायची तयारी चालू आहे. पुढे १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी देता येईल. पण १७ नंबरलाही शेवटी संपर्क केंद्राची शाळाच लागते. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं शाळेतच होतात. आणि १७ नंबर म्हटलं की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर 'नापास झालेलं मूल' असं काहीतरी उमटतं. ते जावं, एवढं तरी तुमच्या हातात नक्की आहे.

लोक मला धीर द्यायला मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात. तिने मधेच शाळा सोडली होती, आणि २०१६ साली संगणक प्रोग्रामिंगच्या ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. तिचं मला कौतुक आहे. पण माझी मुलगी तशी नाही, आणि आमच्या सहा घरांतली कुठलीच मुलं तशी नाहीत. साधारण मुलांनाही साधारण साथ मिळाली पाहिजे. असामान्य मूल वाट काढतंच. अडतं ते इतरांचं.

कायद्याबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १० म्हणतं की ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. आपल्या मर्जीने मुलाला घरी शिकवणाऱ्या आईबापांचा विचार त्या कायद्याने केलेला नाही. त्यांना परवानगी देणारं कलम नाही, शिक्षा सांगणारंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मात्र तीव्र स्वरूपाचं अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला, आणि गृहाधारित शिक्षण हा शब्द शाळांच्या कागदपत्रांत रुळला. म्हणजे मूल घरी असेल आणि तरीही शिक्षणाच्या व्यवस्थेत असेल, ही कल्पना तुम्हाला परकी नाही. तुमच्यातले कितीतरी शिक्षक आठवड्याला अशा मुलांच्या घरी जातात. मला या कायद्यातून पळवाट नको आहे. हा कायदा ज्या मुलींसाठी झाला, त्यांना अण्णांनी हाताला धरून शाळेत आणलेलं मी पाहिलं आहे. माझ्या सोयीसाठी त्यांच्या संरक्षणाला भोक पडावं, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

म्हणून आमची पहिली मागणी कदाचित तुम्हाला उलटी वाटेल. आम्हाला मोजा. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरात घरी शिकणाऱ्या मुलांची एक वही ठेवावी. नाव, वय, काय शिकतं, कोण शिकवतं, पुढची परीक्षा कोणती. वर्षातून दोनदा तुमच्यातलं कोणीतरी घरी यावं, मुलाशी एकट्याने बोलावं, वह्या बघाव्यात. परीक्षा घेऊ नका, पण डोळे उघडे ठेवा.

हे मी का मागते? त्या सर्वेक्षणाच्या बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता. "मुलगी दुकानात काम करते का?" प्रश्न रास्त होता. माझी मुलगी दुकानात तारेचे वेढे मोजते, आणि चार गल्ल्या पलीकडे एक मुलगा गॅरेजमध्ये नट मोजतो. ती शिकते आहे आणि तो राबतो आहे. कागदावर हा फरक दिसणार नाही. तो घरी येऊन, मुलाजवळ बसून, त्याला चार प्रश्न विचारूनच कळेल. आमच्यासारखी घरं जर दारं लावून बसली, कोणी विचारू नये म्हणून नोंदीपासून लपली, तर आमच्या आडोशाला तो मुलगाही दिसेनासा होईल. त्याच्या मालकालाही मग म्हणता येईल की पोरगा माझ्याकडे शिकतोय. अण्णांच्या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर हे आहे. त्या बापाला सांगा, गुरुजींची नात घरी शिकते, पण शाळेचे लोक तिच्या घरी येऊन ती शिकते आहे ना ते बघतात, तुझ्या घरीही येतील. अण्णांना हे पटलं. आता ते आठवड्यातून तीन दिवस तिला इतिहास आणि मोडी शिकवतात.

दुसरी मागणी शनिवारच्या दोन तासांची. प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असं म्हटलं आहे की शाळा भरत नसेल त्या वेळात तिची जागा आणि साधनं समाजासाठी वापरावीत, शाळा हे सामाजिक चेतना केंद्र व्हावं. म्हणजे आम्ही मागतो ते धोरणाबाहेरचं नाही. तुमच्यावर किती कामं आहेत याची मला कल्पना आहे. निवडणुकीच्या याद्या, पोषण आहाराचे हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती. त्यात अजून एक ओझं, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून मुलाबरोबर आईबापांपैकी एकजण पूर्ण वेळ थांबेल. मोडलेल्या वस्तूची भरपाई आम्ही करू. विज्ञानाच्या बाई दर वेळी थांबू शकत नसतील तर एखादे निवृत्त शिक्षक शोधून आणू, गावात ते असतातच आणि त्यांना कोणी बोलवत नाही. बदल्यात आम्हालाही काही देऊ द्या. माझा नवरा तुमच्या शाळेची पाण्याची मोटार फुकट दुरुस्त करील. तुमच्या वार्षिक अंकाची मुद्रितं मी तपासीन. सुतारकाका म्हणाले आहेत, सातवीच्या मुलांना सूत-इंच शिकवायला बोलावलं तर येईन.

तिसरी गोष्ट म्हणजे फॉर्म. चित्रकला परीक्षा, १७ नंबर, निबंध स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन. जिथे नियम आड येत नाही तिथे आमच्या मुलाचा फॉर्म तुमच्या मुलांच्या फॉर्मांबरोबर घ्या. जिथे नियमच आड येतो, शिष्यवृत्तीला किंवा क्रीडा स्पर्धेला, तिथे तुमच्या हातात काही नाही हे मला कळतं. पण 'घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद असलेली शाळा' त्याच्या वतीने अर्ज करू शकेल असं वर कळवणं तुमच्या हातात आहे. पालकांनी लिहिलेलं पत्र फाइलला लागतं. पन्नास मुख्याध्यापकांनी लिहिलं तर कोणीतरी ते वाचेल.

आणि परतीची वाट. माझ्या धाकट्याला मिळाली तशी. घरी शिकणारं मूल कधीही, वर्षाच्या मध्येसुद्धा, शाळेत यावंसं वाटलं तर त्याला हसतमुखाने आत घ्या. "इतकी वर्षं काय करत होतात?" हा प्रश्न आईबापांना खोलीत बसवून विचारा हवा तर, मुलासमोर नको. ही वाट खात्रीची असेल तर कितीतरी आईबाप चूक वेळीच मान्य करतील. आमच्या सहा घरांत एक मूल असं आहे की त्याने शाळेत जायला हवं, हे त्याच्या आईलाही कळतं. ती घाबरते ती फक्त त्या पहिल्या दिवसाला.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे का? पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत शिकल्या? अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी धर्ममार्तंडांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी ते लेकीला दिलं, तीर्थयात्रेच्या वाटेवर, मुक्काम पडेल तिथे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. आणि घरी शिकलेल्या त्याच बाईने १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, इतर मुलींसाठी. सावित्रीबाईंनाही अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली, आणि मग १८४८ साली त्या दोघांनी मुलींची शाळा उघडली. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हो, पण त्या दोघींना शाळाच नव्हती. तुझ्या पोरीला आहे." ते खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की घर आणि शाळा यांच्यामध्ये आज जशी भिंत दिसते, तशी या बायकांच्या आयुष्यात नव्हती.

आणि शाळेनेच मुलाकडे जाण्याची रीत तर आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, मुलं गुरं राखायला जातात म्हणून कुरणावर शाळा भरवली. कुरणशाळा हा शब्द त्यातून आला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, वीटभट्टीवर भोंगाशाळा झाल्या. मूल जिथे आहे तिथे त्याला धरायचं, हे या राज्यातल्या शिक्षकांनी कितीतरी वेळा केलं. आमची मुलं तर तुमच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर आहेत, आणि शनिवारी स्वतः चालत यायला तयार आहेत.

तुमच्या बैठकीत मांडता यावा म्हणून आम्ही सहा घरांनी मिळून ठरावाचा एक मसुदा केला आहे. तो तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे किंवा शिक्षक-पालक संघापुढे जशाच्या तसा ठेवलात तरी चालेल :

"शाळेच्या परिसरात घरी राहून शिकणाऱ्या ६ ते १८ वयोगटातील मुलांची नोंदवही शाळेत ठेवण्यात यावी. नोंद झालेल्या मुलाच्या घरी वर्षातून दोन वेळा शिक्षकांनी भेट द्यावी. नोंद झालेल्या मुलांना शनिवारी शाळा सुटल्यानंतर दोन तास प्रयोगशाळा, वाचनालय व क्रीडांगण वापरण्यास परवानगी देण्यात यावी. या वेळेत मुलासोबत पालकांपैकी एकाने हजर राहावे व सुरक्षिततेची जबाबदारी घेत असल्याचे हमीपत्र शाळेस द्यावे. सदर परवानगी मुख्याध्यापक बदलले तरी पुढील ठराव होईपर्यंत कायम राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका, ही विनंती. बाकीचं कमी-जास्त करा.

हमीपत्रावर आम्ही सहा घरांच्या सह्या करून ठेवल्या आहेत. मुलीने प्रयोगवहीत आठव्या प्रयोगाचा मथळा लिहून ठेवला आहे : पापडखार, चुना आणि धुण्याचा सोडा, यांत हळदीचा रंग सगळ्यात आधी कोण बदलतं. द्रावणं मोजून करायला तिला तराजू आणि नळ्या हव्या आहेत. जूनपासून ते पान तसंच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घरी शिकणाऱ्या एका आणि शाळेत जाणाऱ्या एका मुलाची आई
वाई, जि. सातारा